हायड्रोनियम मॅडम

फळ्यावर कुणी नुसतं H⁺ लिहिलं की मॅडम डस्टर शोधत बसायच्या नाहीत. अंगठ्यानंच ते पुसायच्या आणि वळून विचारायच्या, "एकटा कावून सोडला रे ह्याला?"

"चुकलं, मॅडम."

"पाण्यात हा हायड्रोजनचा आयन एकटा राहतच न्हाई. पाण्याचा रेणू ह्याला कडेवर घेतो. मग ह्याच्या कडेवरून त्याच्या, त्याच्या कडेवरून तिसऱ्याच्या." आणि अंगठ्याच्या पांढऱ्या डागावरच मोठ्या अक्षरात लिहायच्या, H₃O⁺. "ह्याला म्हणायचं हायड्रोनियम. ॲसिडचं पाणी आंबट लागतं ते ह्याच्यामुळं."

पोरांनी त्यांचं नावच हायड्रोनियम मॅडम ठेवलं होतं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "नाव ठेवा, पण फॉर्म्युला चुकवू नका."

मी त्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळेचा परिचर होतो. बाटल्या धुणं, बाकं पुसणं, कपाटाच्या किल्ल्या सांभाळणं. लहानथोर सगळे मला मामा म्हणायचे. मॅडम माजलगावहून यायच्या, दोन गाड्या बदलून, आणि प्रयोग असला की हातात पाच लिटरचा कॅन. आमच्या नळांना पाणी नव्हतं. कॅनमधलं शुद्ध पाणी त्या बॅटरीच्या दुकानातून स्वतः विकत आणायच्या.

मी एकदा म्हणालो, "मॅडम, हापशाचं पाणी काय वाईट हाय?"

"त्यात चुना लई, मामा. आपलं पातळ ॲसिड त्यात घातलं की तिथंच मरतं. मग पोरांनी बघायचं काय?"

त्यांच्या डब्याशेजारी प्यायच्या पाण्याची एक बाटली असायची. उन्हाळ्यात त्या ती सगळ्यांपुढं करायच्या. स्टाफरूममधल्या दोघातिघांनी त्यांच्या बाटलीतलं पाणी कधी घेतलं नाही. कावून ते सगळ्यांना ठाऊक होतं, त्यांनाही. मी घ्यायचो, पण त्या दोघातिघांसमोर नाही.

अशी कॉलेजं तुम्हीही पाहिली असतील. पटावर शंभरावर पोरं, बाकावर नऊ. बाकीची लातूरला क्लासला. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक यायचे, मटणाचं जेवण व्हायचं, आणि लिहून आणलेल्या वह्यांवर सह्या. बर्नर पेटायचासुद्धा नाही. मॅडमनी दोन वर्षं ते बघितलं. तिसऱ्या वर्षी प्राचार्यांसमोर उभ्या राहिल्या.

"सर, यंदा माझी नऊ पोरं प्रयोग करूनच मार्क घेतील."

प्राचार्य हसले. "करा की. हौस हाय तर करा."

परीक्षेच्या आदल्या दुपारी आम्ही दोघं तयारीला लागलो. गंधकाम्लाच्या मोठ्या बरणीचं झाकण तडकलं होतं, म्हणून उरलेलं तीव्र ॲसिड मॅडमनी एका काचेच्या बाटलीत काढलं. तसल्याच दुसऱ्या बाटलीसाठी पातळ ॲसिड तयार केलं. आधी पाणी, मग काचेच्या कांडीवरून ॲसिडची बारीक धार. "हात लावून बघा, मामा. गरम लागतंय? पाण्याला लई सोसावं लागतं." गरमच ते दुसऱ्या बाटलीत भरलं. त्यांची गाडी साडेपाचची होती. जाताना म्हणाल्या, "बाटल्यांना चिठ्ठ्या आत्ताच लावा बरं. आणि तीव्र ॲसिड कपाटात, कुलपात."

मी चिठ्ठ्या लिहिल्या. डिंकाची बाटली उघडतोय तोच प्राचार्यांनी हाक मारली. परीक्षकांच्या जेवणाला भांडी आणायची होती. मी गेलो आणि तिकडूनच घरी गेलो.

आदल्या संध्याकाळी नुसता हात लावला असता तरी पातळ कुठलं ते कळलं असतं. सकाळी दोन्ही बाटल्या गार होत्या. परीक्षक दारात आले होते. मला वाटलं त्या बाटलीवर 'पातळ' चिकटवलं आणि दुसरी कपाटात ठेवली.

नऊजणांतली सगळ्यात हुशार एक मुलगी होती. शेळ्या राखून अभ्यास करणारी. परीक्षानळीत ॲसिड जास्त पडलं असं तिला वाटलं, म्हणून तिनं वरून पाणी घातलं. चिठ्ठी वाचून तिनं काही चूक केली नव्हती. पातळ ॲसिडला पाण्यानं काही होत नाही, तीव्र ॲसिड मात्र उकळून उडतं.

नळी उसळली. तिच्या हातावर, गालावर, उजव्या डोळ्यात.

मॅडमनी तिचं डोकं मांडीवर धरून अख्खा कॅन डोळ्यावर ओतला. मग तिला उचलून हापशाकडं पळाल्या. मी हापसत होतो, त्या ओंजळीनं पाणी मारत होत्या. "डोळा उघड बाळा, उघडा ठेव." परीक्षक गाडीत बसून निघून गेले होते.

डोळा जागेवर राहिला, नजर गेली. मुलगी परत कॉलेजात आली नाही.

आठवड्यानं संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावलं. टेबलावर ती बाटली होती. "ही चिठ्ठी कुणी लावली?"

माझी नोकरी संपायला चौदा महिने होते. मी फरशीकडं बघत राहिलो. मॅडमनी एकदा माझ्याकडं बघितलं.

"तयारी माझी होती," त्या म्हणाल्या. "जबाबदारी माझी."

"मग कुणी सांगितलं होतं प्रयोग करायला?" अध्यक्ष ओरडले. "एवढी वर्षं कुणाचा डोळा गेला का?"

मॅडमनी तिथंच राजीनामा लिहून दिला. प्रयोगशाळेला कुलूप लागलं. पुढच्या परीक्षेत परत वह्यांवर सह्या झाल्या, आणि मी वाढपी म्हणून उभा होतो.

निवृत्त झाल्यावर मी माजलगावला त्यांच्या घरी गेलो. त्या तुरी निवडत बसल्या होत्या. कुठं शिकवता का, विचारलं. "न्हाई. बाटली हातात धरवत न्हाई आता." त्यांनी चहा केला. कप माझ्या हातात तसाच होता.

"मॅडम, चिठ्ठी..."

"अक्षर वळखलं होतं मी, मामा."

"मग बोलला कावून न्हाईत?"

"बोलून नजर आली असती का तिची?"

खडे वेचत त्या म्हणाल्या, "मी तीनदा गेलते तिच्या गावाला. तिची आई दार उघडत न्हाई. उघडावं तरी कावून? पण तुमी जाऊन या. तुमचा राग न्हाई त्यांना. पोरगी कशी हाय, तेवढं बघून मला कळवा."

मी हो म्हणालो.

त्याला दोन वर्षं झाली. तिचं गाव माझ्या घरापासून सहा किलोमीटर आहे. मी अजून गेलेलो नाही.