आला का रे बाबू?

रक्ताचा अहवाल आला त्या दिवसापासून तिच्या आईने तिला ‘रे’ म्हणणं बंद केलं.

वऱ्हाडातल्या घरांत तुम्ही हे ऐकलं असेल. लाडक्या मुलीला आई मुलासारखी हाक मारते. जठारपेठेत त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत होती. मुलगी मैदानावरून परतली की पलीकडून आवाज यायचा, “आला का रे बाबू? पाय धू, जेवाले बस.” आणि ती म्हणायची, “आली व माय!”

मी तिला शाळेत मराठी शिकवलं. व्याकरणाशी तिचं जमलं नाही. लिंग ओळखा म्हटलं की ती मैत्रिणीच्या वहीत डोकवायची. आठशे मीटर मात्र अशी धावायची की बघणारे शेंगा खायचे थांबत. जिंकशील का, असं विचारलं तर म्हणे, “मले काहून इचारता मॅडम? पायाले इचारा.”

धामणगावची एक मुलगी दरवेळी तिच्यामागे दुसरी यायची. एका स्पर्धेनंतर त्या मुलीचे वडील मैदानातच ओरडले, “आमच्या पोरीले माणसासंगं पळवता काय?” तक्रार झाली, तपासणी झाली. महिलांच्या शर्यतीसाठी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची जी मर्यादा आहे, त्यापेक्षा हिच्या रक्तात ते जास्त निघालं. जन्मापासूनच तिच्या शरीराची घडण तशी होती. पाळी आली नव्हती, पण ‘खेळणाऱ्या पोरींले उशीर होते’ म्हणून आई थांबली होती.

डॉक्टरांकडे मीही सोबत गेले होते. ते म्हणाले, गोळ्यांनी प्रमाण खाली आणता येईल, मग कदाचित धावता येईल.

“बिमारी कोन्ती हाय मले?”

“आजार असा नाही.”

“मंग गोळ्या कायच्या?”

डॉक्टर भले होते. त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली.

परतताना बसमध्ये मी त्या धामणगावच्या मुलीच्या वडिलांवर चिडून काहीबाही बोलले. तिने मला थांबवलं. “असं नोका म्हनू मॅडम. ते पोरगी बी अंधारातच उठून पळते. मी असली तं तिले कधीच पयला नंबर नाही. अन् मी नसली तं मले कायच नाही.” हा हिशेब मला आजही सुटलेला नाही.

आईने वेगळाच अर्थ काढला होता. एका दुपारी ती माझ्याकडे आली आणि दाराशीच बसली. “माह्या जिभेनं केलं हे, मॅडम. जनमभर पोरीले ‘आला, गेला’ म्हनलं. देवानं आयकलं.” मी समजावलं. हे पोटातूनच ठरलेलं असतं म्हटलं, घरोघरी ‘रे’ म्हणून हाक मारलेल्या मुलींची उदाहरणं दिली. तिने मान हलवली आणि ऐकलं नाही. घरात ती ‘आली का बाई, जेवतं का बाई’ म्हणू लागली.

“बाई म्हनते मले,” मुलगी मला म्हणाली. “पावनी हाव का मी?”

गोळ्या तिने घेतल्या नाहीत, धावणंही सोडलं. तिवश्याच्या एका शाळेत ती खेळ शिकवायला लागली. शनिवारी घरी यायची, भिंतीपलीकडे भांडी वाजायची, बोलणं ऐकू यायचं नाही. गेल्या पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. अमरावतीच्या दवाखान्यातच ती वारली.

घरी आणल्यावर अंगणात आम्ही बायका जमलो. अंघोळ घालायची होती. कुणीच पुढे होईना. तेवढ्यात शेजारच्या दोघी जावांपैकी थोरली हळूच म्हणाली, “बायायनं घालाव का माणसायनं?”

आईने ते ऐकलं. ती आत गेली, बादली घेऊन आली आणि मधोमध ठेवली.

“माही पोरगी हाय. बाया धुतीन तिले. जिले हात लावाचा नसन, तिनं घरी जाव.”

त्या दोघी गेल्या. बाकीच्यांनी पदर खोचले. मी पाणी देत होते.

त्या जावा अजून शेजारीच राहतात. सणाला त्यांच्याकडून पुरणपोळीचं ताट येतं. आमच्याकडे शेजारचं ताट रिकामं परत देत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालतात. तिची आई ताट घेते, घासते आणि रिकामं परत पाठवते.