पाठवलं म्हंजी पोचलं न्हाई

"झालं" एवढ्या उत्तरावर आपांचं कधीच समाधान होत नसे. "झालं खरं, पण परत काय आलं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. भोरच्या एसटी स्टँडजवळ आमचं तीन माणसांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. आपा त्यात वयानं सगळ्यांत मोठ्या; प्रोग्रॅम लिहायची सी भाषा मला त्यांनीच शिकवली.

वरंधा घाट चालू की बंद, एसटीच्या वेळा काय, हे मोबाईलवर दाखवणारं पान आम्ही चालवायचो. पावसाळ्यात त्यावर टेम्पोवाल्यांची झुंबड. म्हणून डेटाबेसमधली उत्तरं तीन मशिनांच्या मेमरीत ठेवलेली असत; कुठलं उत्तर कुठल्या मशीनवर, ते मेमकॅशची सी लायब्ररी, म्हणजे त्या कामाचा तयार कोड, बघायची. "मेमरी म्हंजी पाठांतर," आपा सांगत. "पाठ केल्यालं चटकन येतं, पर शिळं बी असतं." सांगितलेलं काम झालं की नाही, हे लायब्ररी दरवेळी कळवते. ते न वाचता पुढं पळणारा माझा कोड त्या सरळ खोडत. "पाठवलं म्हंजी पोचलं न्हाई, पोरी."

ऑफिसातून नसरापूरला निघालेल्यानंही पोचल्यावर फोन करायचा. विसरलं तर झापायच्या. मला याचा वैताग यायचा.

एका दुपारी घाटात दरड आली. आपांनी घाईनं डेटाबेसमध्ये "बंद" नोंदवलं आणि मेमरीतलं "चालू" पुसायला सांगितलं. नेमकी ते उत्तर ठेवलेल्या मशीनची लाईन तुटलेली. लायब्ररीनं "जमलं नाही" असं कळवलं, पण ते वाचायची ओळ आपांनीच लिहिली नव्हती. लाईन आली तेव्हा मेमरीत तसंच राहिलेलं उत्तर घेऊन पान पुन्हा "चालू" दाखवू लागलं. ते वाचून भोंगवलीचे बबनराव टोमॅटोचा टेम्पो घेऊन घाटात शिरले.

त्यांच्या बायकोनं फोन करून विचारलं, तेव्हा आम्हाला कळलं. बबनरावांचा मोबाईल लागेना. आपा चहाला न शिवता नंबर फिरवत राहिल्या. शेवटी आवाज आला, "दरडीच्या अलीकडंच हाय, आपा. हितं रेंज न्हवती." आपा ओढणीत तोंड खुपसून रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घाटाचं उत्तर मेमरीतून कायमचं काढलं. "हे पाठ करायचं न्हाई. दरवेळी डेटाबेसलाच इचारायचं."

मागच्या हिवाळ्यात त्या पुण्याला दवाखान्यात गेल्या. "पोचले गं," एवढा फोन आला. तेच शेवटचं बोलणं. मला त्यांची फार आठवण येते.

यंदा घाट बंद झाला, पान लगेच बदललं. तरी मी बबनरावांना फोन लावला.

"पानावर वाचलं की ओ. माघारी फिरलोय."

"घरी पोचल्यावर कळवा."

"व्हय. आपांची शिस्त हाय, म्हाईत हाय," ते म्हणाले. त्यांचा फोन येईपर्यंत मी ऑफिसला कुलूप लावलं नाही.