पायऱ्यांवरची हजेरी

“आत पाऊल टाकलंस की बेड्या. लिहून ठेव. माझ्या पोराचं, वेंडेलचं काय झालं, विसरलीस?”

“वेंडेल शुक्रवारी दुपारी गेला होता. आणि ढोसून गेला होता.”

“दोन बिअर म्हणजे ढोसणं होय गं? सोमवारपर्यंत आत बसला बिचारा.”

“आज बुधवार आहे. आणि मी फक्त कॉफी घेतलीय.”

“माणसं आधी वकील गाठतात, वर्ना. तू निघालीस आपली रविवारचा फ्रॉक घालून, चर्चला निघाल्यासारखी.”

“वकील सोमवारी भेटेन म्हणाला. टिलीचं शुक्रवारी ठरणार आहे.”

ओलेटाने ट्रकचा हीटर वाढवला.

मार्लो काउंटीच्या नव्या कोर्टासमोर दोघी बहिणी बसल्या होत्या. आठ वाजायला वीस मिनिटं होती. डोंगरावरचं धुकं अजून पार्किंगमध्येच रेंगाळत होतं. वर्ना स्टँपर अठ्ठावन्न वर्षांची. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची एकतीस वर्षं गेली होती. या काउंटीतलं चाळिशीच्या आतलं कुठलंही माणूस तिने ताट हातात धरून रांगेत उभं असलेलं पाहिलं होतं. कोणाला ग्रेव्ही जास्त लागते, कोण बीन्स रुमालात गुंडाळून फेकून देतं, सगळं तिला पाठ. नवरा लेस्टर फुप्फुसांच्या दुखण्याने गेला. लेक शॅना गोळ्यांच्या नादी लागली आणि ऑगस्टमध्ये पोलिसांनी तिला वर्नाच्याच स्वयंपाकघरातून उचललं. टिली तेव्हा उंच खुर्चीत बसून केळं खात होती. अडीच वर्षांची नात. ती गेली सरकारच्या ताब्यात, तीन डोंगर पलीकडे एका परक्या घरी.

त्या दिवसापासून वर्नाला काही वाटेनासं झालं होतं. रडू नाही, राग नाही. हात कणीक मळायचे, तोंड “पुढे सरक रे” म्हणायचं, रात्री अंग पलंगावर पडायचं. दंतवैद्याने सुई टोचल्यावर गाल जसा दुसऱ्याचाच वाटतो, तशी ती अख्खीच झाली होती.

नातेवाईक असेल तर सरकार मूल आधी त्याच्याकडे देतं, पण घर आणि नाव दोन्ही साफ हवं. बालकल्याणच्या मिस केंड्रिक घर बघून गेल्या. धूर झाला की वाजणारा भोंगा वाजवून पाहिला, पाळण्याच्या गजांमध्ये मूठ घालून पाहिली, जिन्याच्या फाटकाला कडी आहे ना तेही पाहिलं. मग चार दिवसांनी फोन आला. “वर्नाबाई, तुमच्या नावावर बेंच वॉरंट आहे. तारखेला हजर राहिला नाहीत, म्हणून जजनी काढलेलं. शुक्रवारपर्यंत ते रद्द झालं नाही, तर माझा नाइलाज आहे. ते कुटुंब टिलीला कायमची ठेवायला तयार आहे.”

असलं वॉरंट काही टपालाने घरी येत नाही. ते कॉम्प्युटरमध्ये बसून राहतं. कोणीतरी तुमचं नाव टाकून बघेपर्यंत तुम्ही आपले बीन्स भिजत घालत असता.

वर्नाने कोर्टाच्या कचेरीत फोन लावला. तिथे कारकून ग्लेना. तिची दोन्ही मुलं वर्नाच्या हातचं खाऊन मोठी झालेली.

“आहे गं बाई, आहे. गाडीच्या नंबरप्लेटवरचा नोंदणीचा स्टिकर जुना होता, त्याची तारीख होती दहा एप्रिल. गैरहजर.”

“मग आता मी काय करू?”

“मला कायद्याचा सल्ला देता येत नाही.”

“सल्ला नको. काय करू ते सांग.”

“मी तुला काही सांगतच नाहीये. मी नुसती आपली बोलतेय, की बुधवारी सकाळी माझ्या खिडकीशी एक पॅड ठेवलेलं असतं. साडेआठच्या आत जे आपण होऊन नाव लिहितात, त्यांना जज पेलफ्री शक्यतो घरी पाठवतात. पकडून आणलेल्यांना नाही.”

“शक्यतो म्हणजे?”

“म्हणजे मला कायद्याचा सल्ला देता येत नाही.”

तर हा तो बुधवार. वर्ना ट्रकमधून उतरली आणि ओलेटा बडबडत मागून. दारात तपासणीच्या मशीनशी बेलिफ हॉबर्ट उभा होता, पोट पट्ट्याबाहेर आलेलं.

“वर्नाबाई, खिशात चमचा-बिमचा नाही ना?”

“नाही.”

“आज पोरांना काय मग?”

“बीन्स आणि कॉर्नब्रेड.”

“आणि आम्हाला मशीन,” हॉबर्ट म्हणाला आणि तिची पर्स आत सरकवली.

पॅडवर तिच्याआधी सहा नावं होती. तिने सातवं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

कोर्टात नव्या वार्निशचा वास होता. बाजूच्या दारातून नारिंगी कपड्यांतले दोघे साखळीत आले. त्यातला एक तिला ओळखून मान हलवून गेला. गाजर न खाणारा. सहा नावं झाली. कोणी दोन मिनिटं, कोणी पाच. एकाला परत आत नेलं, तेव्हा ओलेटाने वर्नाच्या दंडात नखं रुतवली. वर्नाला ती कळली, लागली नाहीत. मग पुढचं बघवेना म्हणून ओलेटा बाहेर व्हरांड्यात निघून गेली.

“मिसेस स्टँपर.” जज पेलफ्री बाहेरचे, लेक्सिंग्टन शहराकडचे. कोर्ट या इमारतीत आलं त्याच वर्षी तेही आले, तीन वर्षांपूर्वी. “दहा एप्रिलला आपण गैरहजर होता.”

“आले होते, साहेब.”

जजनी कागद उलटून पाहिला. “तीन वेळा नाव पुकारल्याची नोंद आहे.”

“मला ऐकू नाही आलं.”

“कुठे बसला होता?”

“पायऱ्यांवर.”

“बाहेर? किती वेळ?”

“साडेसातपासून. बाराला सगळे पांगले, मग मीही गेले. वाटलं, आज माझं नाही. लागलं तर बोलावतील.”

“आत का नाही आलात?”

वर्नाला प्रश्नच कळला नाही. “हॉबर्ट बाहेर येऊन हाक मारतो ना.”

जजनी दाराकडे पाहिलं. हॉबर्टची मान कॉलरपासून वर लाल होत गेली.

“ते जुन्या कोर्टात, साहेब,” तो म्हणाला. “तिथे आत बसायला जागाच नसायची. माणसं पायऱ्यांवर, झाडाखाली, गाड्यांत. मी दारात येऊन नावाने ओरडायचो. अठरा वर्षं ओरडलो. पार पेट्रोल पंपापर्यंत जायचा आवाज.”

“आणि इथे?”

“इथे मला मशीन सोडून हलता येत नाही.”

“हे लोकांना कोणी सांगितलं?”

“मला वाटलं, कळेल.”

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं आणि लगेच खोकला काढला. जजनी खाली टेबलाशी बसलेल्या ग्लेनाला विचारलं, “त्या दिवशी गैरहजर किती होते?”

ग्लेनाने पानं चाळली. “नऊ.”

जजनी तो आकडा लिहून घेतला. मग मान वर न करता विचारलं, “स्टिकर नवा लावलात?”

“त्याच आठवड्यात.”

“वॉरंट रद्द. स्टिकरचं प्रकरणही रद्द. हॉबर्ट, जेवणाच्या सुटीत मला भेट.”

“आभारी आहे,” वर्ना म्हणाली. आपण सुटलो, आता छातीतलं काहीतरी सैल होईल म्हणून ती क्षणभर थांबली. काही झालं नाही. आठव्या नावाचा पोरगा मागे उभा होता, म्हणून ती बाजूला सरकली.

नंतर आपल्या खिडकीशी परतल्यावर ग्लेना म्हणाली, “कॉम्प्युटरवरून निघायला सोमवार उजाडेल हं. तोवर तू तिथे फरारीच.”

“मिस केंड्रिक शुक्रवारी बघणार.”

“मग रद्द केल्याची खरी प्रत घेऊन जा. शिक्क्याची.”

ग्लेनाने उठाव उमटवणारा लोखंडी शिक्का कागदावर दाबला. वर्नाने बोटाने चाचपून पाहिलं.

“पुरता उठला नाही. परत दाब.”

“अगं, वाचता येतोय.”

“परत दाब, ग्लेना.”

ग्लेनाने उठून, दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून दाबला.

व्हरांड्यात ओलेटा वाट बघत होती. तिने आधी बहिणीच्या मनगटांकडे पाहिलं, मग कागदाकडे. “झालं? खरंच झालं? हाताला धरून तरी सांग की. टिली घरी येणार आणि तू अशी उभी, जशी दुधाची बाटली आणायला आलीयस.”

“मिस केंड्रिकचं ऑफिस दहाला उघडतं. समोरच आहे.”

“मी येते.” ओलेटा दोन पावलं चालली आणि थांबली. आवाज खाली आला. “बालकल्याणचा तो फॉर्म तू वाचलास ना? शॅना दाराशी आली तर उघडायचं नाही, लगेच फोन करायचा, असं आहे त्यात.”

“वाचला.”

“सही करणार?”

“सही केल्याशिवाय पोर देत नाहीत.”

“सहीचं नाही विचारत मी. शॅना जानेवारीत तुरुंगातून सुटतेय. कुठे जाणार ती? तुझ्याकडेच येईल. थंडीत, पातळ जाकिटात, आई दार उघड, आई दार उघड करत. आणि आत पोर ओळखेल तो आवाज.” ओलेटाने तिची बाही धरली. “फोन करशील तू तिच्यावर? पोटच्या पोरीवर? का उघडशील, आणि दोघींना घालवून बसशील? मला सांग. दुसऱ्या कोणाला नको सांगू, मला सांग.”

वर्नाने कागद फाइलमध्ये सरळ ठेवला, घडी पडू दिली नाही. कोटाची वरची दोन बटणं लावली. मग ओलेटाची बोटं आपल्या बाहीवरून एकेक करून सोडवली, हॉबर्टच्या मशीनला वळसा घातला, काचेचं दार ढकललं आणि रस्ता ओलांडायला बाहेर पडली.