कोऱ्या नळीतला साबण

रोहिणी निकम नाशिकच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करायची. पाण्यातला साबण वाळूच्या कणाला कसा चिकटतो, हा तिचा विषय. साबणाचा थर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती पाण्यात पायरीन नावाचं उजेड देणारं द्रव्य किंचित घालायची. ते त्या थरात शिरलं की त्याचा उजेड बदलतो. तो मोजायचं यंत्र पुण्यात. काचेच्या नळ्यांची पेटी मांडीवर घेऊन ती एसटीनं जायची.

२००४च्या उन्हाळ्यात तुलनेसाठी ठेवलेल्या बिनसाबणाच्या कोऱ्या नळीतही उजेड बदललेला निघाला. तिनं पाणी बदललं, वाळू बदलली, पायरीन नवं मागवलं. फरक पडेना. गाईड म्हणाले, मागचंही सगळं पुन्हा करा. मुदत तर दिवाळीलाच संपत होती.

ती घरी आली तेव्हा आई मोरीत बसून नळ्या घासत होती. त्या उन्हाळ्यात कॉलेजात दुपारनंतर पाणी नसायचं, म्हणून हे काम आईनं हौसेनं अंगावर घेतलेलं.

“आज दोनदा साबण लावला. बघ कशा लखलखतात.”

रोहिणी उंबऱ्यावरच बसली. काच म्हणजे तरी काय, वाळूच. वाळूला चिकटलेला साबण नुसत्या पाण्यानं सुटत नाही, हे तिनंच दाखवलं होतं, याच नळ्यांमध्ये.

“छान निघाल्यात,” ती म्हणाली.

आईनं पदराला हात पुसले. “मग आता तरी होईल ना गं तुझं?”