पोकलेनच्या पात्याला हुक

माझ्याकडं छोटा पोकलेन आहे. केम गावाच्या आसपास पाइपलाइनसाठी चाऱ्या खोदायची कामं बारा महिने निघतात. पण डाळिंबाच्या बागेत काम असलं की माझी पंचाईत व्हायची. पोकलेन ओळीतून सहज जायचा, पाइपांची ट्रॉली मात्र बांधावरच राहायची, कारण ट्रॅक्टर आत घातला की फांद्या मोडायच्या. मग पाइप खांद्यावरून न्यायचे. खांदा कुरकुरायला लागला तेव्हा ठरवलं, पोकलेनच्या पुढच्या, माती लोटायच्या पात्यालाच हुक बसवायचा आणि ट्रॉली त्याला जोडून आत न्यायची. पातं लेव्हरनं वरखाली होतं, म्हणजे ट्रॉलीचं तोंड हातानं उचलायचंही काम नाही.

वेल्डिंगवाले चाचा माझ्या वडलांच्या वयाचे. वडील गेल्यावरही घरी येणंजाणं तसंच राहिलेलं. वैशाखातल्या एका दिवशी ते ट्रॅक्टरचा जुना हुक आणि एक जाड प्लेट घेऊन आमच्या वस्तीवर आले. त्यांची केबल घरापासून लांब पोचत नव्हती, म्हणून पोकलेन अंगणातच घेतला.

"खालच्या धारंला नगं," चाचा म्हणाले. "माती वढताना आडवा यील. वर, मदोमद घिऊ. आन आदी बॅटरी सोड. न्हायतर मशीनचं कायतरी जळंल."

मी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडवल्या. कडब्याची गंज गोठ्याच्या पलीकडं होती, तशी लांबच. तरी चाचांनी अंगणात पाणी मारून घेतलं, ओली पोती अंथरली. वारा तर नव्हताच. आई ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती.

प्लेट पात्याला बसली, हुकाची एक बाजू झाली, आणि वावटळ उठली. आमच्याकडं दुपारच्या वावटळीचं कुणाला काही वाटत नाही. डोळे मिटायचे, ती गेली की उघडायचे. मीही मिटले. उघडले तेव्हा अंगणाच्या कडेचा पाचोळा उडून गंजीवर पडत होता, आणि त्यातला थोडा ठिणगीनं पेटून लाल झालेला होता.

आई माझ्या आधी धावली. तिनं फेकलेली बादली गंजीला कुठं लागली तेही दिसलं नाही. वाळलेला कडबा तो, आधी नुसता तडतडला आणि मग एकदम भडकला. विहिरीची मोटर लावायला मी निघालो, तर चाचा ओरडले, "वायर बग, वायर!" मोटरची वायर गंजीवरूनच गेलेली होती आणि ज्वाळा तिला भिडत होत्या. तुटून पडली असती तर माणूस गेलं असतं. चाचांनी पळत जाऊन मेन स्विच खाली ओढला. ते बरोबरच होतं. पण आता पाणीही नव्हतं.

राहिला पोकलेन. त्यानं माती लोटता आली असती, पण बॅटरी मी स्वतःच सोडलेली. मी वायर लावायला गेलो. नट निसटून खाली कुठं तरी गेला. मी मशीनखाली पालथा पडून तो चाचपत होतो आणि पाठीवर धग लागत होती. म्हशी ओरडत होत्या. आईनं विळ्यानं दोन्ही दावी कापली आणि म्हशी ओढ्याकडं पळाल्या, एवढं मला मशीनखालून दिसलं. शेवटी चाचांनी वायर नुसती हातानं दाबून धरली. "मार स्टार्टर!" ते म्हणाले. मी मारला.

गंज आणि गोठा यांच्यामध्ये सांडलेला कडबा मी पात्यानं बाजूला लोटला, खालची माती उघडी केली. आग तिथं थांबली. गोठा वाचला. गंजीला मात्र काहीच करता आलं नाही. शेजारच्या वस्त्यांवरची माणसं घागरी घेऊन आली, आणि भरल्या घागरी खाली ठेवून आमच्याबरोबर बघत उभी राहिली.

चाचा जमिनीवर बसले होते. "पोरा, मला दोन शिव्या तरी दे," ते म्हणाले.

आई म्हणाली, "त्येंला पानी दे आदी. हात भाजलाय त्येंचा."

म्हशी संध्याकाळी आपल्या पायांनी परत आल्या आणि रिकाम्या गव्हाणीत तोंड घालून उभ्या राहिल्या. लोकांनी पेंढ्या आणून दिल्या, चाचांनी टेम्पो भरून कडबा आणला. पण यंदा सगळ्यांकडंच वैरण कमी होती. आई रोज उरलेल्या पेंढ्यांकडं बघायची. एके दिवशी म्हणाली, "दारोदार किती मागायचं? मावशीकडं धाड म्हसरं. तिकडं ऊस हाय, त्येचं हिरवं वाडं हाय."

मावशी वेळापूरला असते. टेम्पो आला तर थोरली म्हैस फळीवर पाय ठेवीना. मी ओढलं, ड्रायव्हरनं ढकललं. आई म्हणाली, "तुमी व्हा बाजूला," आणि तिच्या कानापाशी काहीतरी बोलत पुढं चालत गेली. म्हैस तिच्यामागं चढली. आईला टेम्पोतून खाली उतरायला मीच हात दिला. तो हात तिनं बराच वेळ सोडला नाही.

हुकाची राहिलेली बाजू चाचांनी नंतर त्यांच्या दुकानात केली. हुक उत्तम बसला. पहिल्यांदा बागेत ट्रॉली नेली तेव्हा मालक कौतुकानं म्हणाला, "लई भारी डोकं लावलंय की!" मी पातं खाली घेतलं.

पाऊस झाल्यावर म्हशी परत आणू, असं मी आईला दोन-तीनदा म्हणालो. ती रिकामा गोठा झाडायला उठते. परवा मावशीचा फोन आला होता. आईनं स्पीकर लावला आणि पहिल्यांदा म्हशींचंच विचारलं, "दूध कसं देत्यात?"

"लई चांगलं," मावशी म्हणाली. "हिरवं मिळतंय न्हवं."

"बरं झालं," आई म्हणाली, आणि फोन माझ्या हातात देऊन आत गेली.