ते शून्य मी दिलं होतं

सन दोन हजार अठरा. मला चौसष्टावं लागलं होतं. नोएडातल्या एका कंपनीच्या काचेच्या खोलीत साहेबानं पाहुण्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ये हमारे काका हैं. सातवीं फेल. चाय अच्छी बनाते हैं, नंबर उससे भी अच्छे देते हैं. इनको सिखा दिया, तो मशीन क्या चीज़ है!"

पाहुणे हसले. मीपण हसलो. हातात ट्रे, दात बाहेर. आज लाज साहेबाच्या बोलण्याची वाटत नाही. माझ्या हसण्याची वाटते.

जन्मभर दिल्लीत सरकारी ऑफिसात शिपाई होतो. रिटायर झाल्यावर आर. के. पुरमचं क्वार्टर सुटलं. घरी बसायचा स्वभाव नाही, म्हणून ह्या कंपनीत चहापाण्याला लागलो. कंपनी शाळेतल्या मुलांची उत्तरं तपासणारं मशीन बनवत होती. मुलानं आपल्या शब्दांत लिहायचं, मशीननं वाचून दोनपैकी मार्क द्यायचे आणि पुढं काय करायचं ते सांगायचं. पण मशीनला आधी माणसांनी तपासून दाखवावं लागतं. तेही ढिगानं. महाराष्ट्रातल्या शाळांतून उत्तरं आली, आणि इथं मराठी वाचणारे कितीसे? साहेब पुण्याचा. म्हणाला, "काका, वाचता येतं ना? बसा."

खुर्ची दिली. कॉम्प्युटर दिला. तोवर मी दुसऱ्यांच्या खुर्च्या पुसत आलो होतो.

काम असं, की एकच उत्तर दोघांनी तपासायचं. दुसरी होती रश्मी. दिल्लीतच वाढलेली, बी.ए. झालेली पोर. दोघांचे मार्क जुळले नाहीत तर साहेब ठरवणार. समोर नमुना उत्तर, त्यातल्या महत्त्वाच्या शब्दांखाली रेघा. रश्मी अर्थ बघायची. मी रेघा मोजायचो. शब्द नाही, तर मार्क नाही. साहेब खूश. "रश्मी, जरा काकांसारखं तपास. बघ किती शिस्तीचे आहेत." सातवी नापासाच्या मार्कापुढं बी.ए.चा मार्क खोडला जायचा. छाती फुगायची माझी. खोटं कशाला सांगू?

एक प्रश्न होता. गाव स्वच्छ कसे राहते? नमुन्यात कचराकुंडी, बंदिस्त गटारे, लोकसहभाग. एका चौथीतल्या पोरानं लिहिलं होतं, "माझी आई पहाटे झाडते म्हणून."

रश्मीनं दोन दिले. माझ्याकडं वळली. "काका, याहून बरोबर काय असतं यार?"

"रेघेतला एक तरी शब्द आहे का?"

"पण खरं आहे ना!"

"खऱ्याला मार्क नसतात, बेटा."

शून्य दाबलं. साहेबानं माझंच धरलं.

रेघा निमित्त होत्या. माझी आई तालुक्याचा बाजार झाडायची. मी टोपली घेऊन तिच्यामागं. दिल्लीत कुणी विचारलं की सांगायचो, आमची शेती. बायकोच्या पाहुण्यांनाही हेच. चौथीतलं पोर जे बेधडक लिहून गेलं, ते मी म्हातारपणापर्यंत तोंडातून काढलं नव्हतं. मला त्याचा राग आला होता. रागानं शून्य दिलं. अशी किती दिली, देव जाणे. देव कशाला, मीच जाणतो.

तर काचेची खोली. हसणं संपलं. साहेबानं पाहुण्यांना दाखवायला एक ताजं उत्तर मशीनला दिलं. प्रश्न तोच. दुसऱ्याच कुठल्या शाळेतली मुलगी. तिनं लिहिलं होतं, "माझे वडील गटार उपसतात म्हणून राहते." डोळ्याचं पातं लवायच्या आत पडद्यावर शून्य. खाली ओळ आली, "धडा पुन्हा वाचा."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या मुलीचं उत्तर मी कधी बघितलंही नव्हतं. शून्य मात्र माझं होतं.

ट्रे खाली ठेवला. "साहेब, उत्तर बरोबर आहे."

"काका, नंतर."

"नंतर नाही. ह्याला चुकीचं मीच शिकवलं. माझी आई बाजार झाडायची. तिच्या झाडूनं तो स्वच्छ राहायचा. तुमच्या लोकसहभागानं नाही."

साहेब जवळ आला. हळूच, मराठीत म्हणाला, "काका, आपली पायरी ओळखून राहा. कप उचला."

नाही उचलले. बाहेर पडलो.

बोललो म्हणून हलकं वाटलं नाही. एका बोलण्यानं काय होतंय? पोरांची शून्यं तशीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबाच्या आधी पोचलो. रश्मीला म्हणालो, "माझ्यापायी तुझे मार्क जिथं जिथं खोडले, ती सगळी उत्तरं काढ." तिनं प्रिंटर चालू केला. कागदावर कागद येत राहिले.

साहेब आला. "काका, हे सगळं कधीच मशीनमध्ये गेलंय. आणि तुमचं काम कालच संपलं."

"माझं संपलं असेल," म्हणालो. "ह्या पोरांचं नाही."

वरच्या कागदावर माझ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं, "ही उत्तरं मी चुकीची तपासली. मुलं बरोबर आहेत. मशीनला पुन्हा शिकवा." खाली पूर्ण नावानिशी सही केली. गठ्ठा साहेबाच्या हातात दिला आणि दारात आडवा उभा राहिलो.

"वाचा," म्हणालो. "मोठ्यानं. पहिल्यापासून."