दुखत असतानाच या

मी पोट कापून घेतलं ते बारीक दिसायला नाही, हे मी इतक्या जणांना सांगितलं आहे की आता सांगताना आवाज चढतो. साखर औषधांना दाद देत नव्हती, गुडघे गेले होते, आणि कारंज्याच्या आमच्या कापडाच्या दुकानात खालच्या फळीवरची साडी काढायला वाकले की परत उभं राहायला काउंटर धरावा लागायचा. नागपूरच्या सर्जननी ऑपरेशन सुचवलं. जठराचा लिंबाएवढा कप्पा ठेवतात आणि आतडं वर ओढून त्याला जोडतात. साखर खरंच उतरली, वजनही उतरलं. पण गावाने एकच वाक्य धरून ठेवलं, ‘खान्यावर ताबा नाई म्हणून पोट शिवून आली.’ त्या वाक्याने पुढे माझा जीव घेतला असता.

वर्ष होत आलं तेव्हा दुखायला लागलं. बेंबीच्या वर, डाव्या अंगाला. ओलं धुणं पिळतात तसं कोणीतरी आतून पिळायचं. कधी दोन घासांनंतर, कधी काहीच न खाता. तासभर, कधी जास्त, मी पलंगाच्या कडेला गुडघे पोटाशी घेऊन बसायचे आणि मग ते आपोआप जायचं. गेलं की मी उठून भांडी घासायचे, आणि हाच माझ्याविरुद्धचा पुरावा ठरायचा. ‘आत्ता त रडून राह्यली होती, आता पाहा,’ असं सासूबाई शेजारणीला सांगायच्या. खरं दुखणाऱ्या बाईने दोन दिवस झोपून राहावं, एवढं त्यांचं साधं गणित होतं.

सोनोग्राफी झाली, घशातून दुर्बीण घालून झाली, मोठं स्कॅन झालं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. तो शब्द ऐकला की नवऱ्याचा चेहरा फुलायचा आणि मला थोबाडीत खाल्ल्यासारखं व्हायचं. एका डॉक्टरने ॲसिडिटी म्हटलं. दुसऱ्याने मला न विचारता नवऱ्यालाच विचारलं, ‘घरात काही टेन्शन आहे का?’ नवऱ्याने खरंच विचार केला आणि म्हणाले, ‘नाई, तसं काही नाई. बडबड करते थोडी.’ त्या दिवशी मला झोपेच्या गोळ्या मिळाल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. गोळी खाऊन मी झोपायचे आणि झोपेतून पोट धरून उठायचे.

घरातले उपाय वेगळेच. ओवा, बेंबीवर हिंग, मीठ-मोहरीने नजर काढणं. हे सगळं करताना सासूबाईंचं एक वाक्य ठरलेलं, ‘देवानं देल्लं पोट होतं नं, काऊन हात लावू देला त्याले?’ जणू मी देवाची वस्तू परस्पर विकून आले होते.

तिसऱ्यांदा नागपूरला गेलो तेव्हा सर्जननी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, ‘दुखत असतानाच या. या ऑपरेशननंतर आत फट राहू शकते. आतडं कधी कधी तिच्यात सरकतं आणि आपोआप सुटतं. सुटल्यावर फोटोत काही दिसत नाही. पण एखाद्या वेळी सुटलं नाही तर जिवावर बेतेल. दुखणं सुरू झालं की घरी थांबू नका, निघा.’

मला आनंद झाला आणि तेवढाच संतापही आला. हे चार शब्द पहिल्या खेपेला सांगायला काय झालं होतं? ऑपरेशनच्या आधी काय झालं होतं? पण निदान एक माणूस माझं मन सोडून माझ्या पोटाबद्दल बोलला होता. परतीच्या वाटेवर मी नवऱ्याकडून ते वाक्य म्हणवून घेतलं. ‘हो, हो, दुखलं की निघू,’ ते म्हणाले.

निघालो नाही. पोचलो तर एकदाही नाही. दुखणं सुरू झालं की मी म्हणायचे, ‘गाडी काढा.’ मग दुकानात लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं घर बसलेलं असायचं. किंवा बाजाराचा दिवस असायचा. किंवा ते म्हणायचे, ‘थोडं थांबून पाहू. मागच्या वेळी बी थांबलं होतं नं.’ आणि थांबायचं. प्रत्येक वेळी त्यांचं खरं ठरायचं आणि माझं खोटं. एका खेपेला निघालो, पण अर्धी वाट गेल्यावर दुखणं थांबलं, तर गाडी वळवून आणली आणि पुढे आठवडाभर मला पेट्रोलची आठवण करून दिली. ते वाईट माणूस नाहीत. दारू नाही, शिवीगाळ नाही, माझ्या गोळ्या आठवणीने आणतात. वाईट असते तर बरं झालं असतं. भांडून मोकळी तरी झाले असते.

मग महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे त्या आंजीला मोठ्या दिरांच्या घरी बसतात. दिरांची भाजीची शेती. सोळा भाज्यांपैकी बहुतेक घरच्याच असतात आणि जाऊबाईंना त्याचा अभिमान आहे. मला दरवर्षी सवाष्ण म्हणून पाटावर बसवतात. नवरा आहे, लेकरू आहे आणि पूर्वी अंगानेही भरलेली, म्हणजे देवीला आवडावी अशी. त्या वर्षीही बसवलं. मी जाऊबाईंना आधीच सांगितलं होतं, ‘ताई, मी दोन चमचे आंबील घेईन, बस.’

‘हो वं, तुले जेवढं पाहिजे तेवढंच घे,’ त्या म्हणाल्या. आणि पानात पुरणपोळी वाढली, त्यावर तुपाची धार, बाजूला वडे, कढी, भाज्यांचा ढीग. मी दोन घास खाऊन थांबले. जाऊबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

‘सवाशीण उपाशी उठली त कसं होईन? वर्षभर घराले लागून राह्यते.’

सगळी पंगत माझ्या पानाकडे पाहत होती. एक चुलतसासू म्हणाली, ‘आधी दोन पोळ्या खात होती, आता लय नखरे आले.’ मी पुरणाचा आणखी एक घास घेतला. आजही मला त्या घासाचा राग येतो.

दुखणं आलं ते नेहमीसारखं नव्हतं. नेहमी ते चढत जायचं. या वेळी एकदम धरलं आणि सोडलंच नाही. मी पाटावरच वाकले. अंगाला घाम फुटला, दातखीळ बसल्यासारखं झालं, आणि थोडं बरं वाटतं म्हणून मी पोट आवळून पुढे-मागे हलायला लागले. केस सुटले. तोंडातून आवाज निघत होता, तो माझा मलाच ओळखू येत नव्हता.

‘अंगात आली वं माय,’ चुलतसासू म्हणाली.

बस. एवढंच लागलं. पंगत उठली. जाऊबाईंनी कपाळावर मूठभर कुंकू फासलं, ते डोळ्यांत गेलं. कोणी धूप आणला, कोणी मांडीवर खण-नारळ ठेवलं. माझ्या पायांवर डोकी पडायला लागली. ज्या बायका वर्षभर मला नखरेल म्हणत होत्या, त्याच रांगेत होत्या. ‘माय, काय चुकलं आमचं?’ दीर हात जोडून विचारत होते.

मी म्हणाले, ‘पोट… पोट दुखून राह्यलं.’

‘पोट म्हनते,’ जाऊबाई म्हणाल्या. ‘माय भुकेली हाय. निवद कमी पडला.’ आणि त्यांनी पुरणाचा गोळा माझ्या तोंडाजवळ आणला.

मी तोंड घट्ट मिटून घेतलं. मान फिरवली तर दारात नवरा उभा. हात जोडलेले, डोळे भरलेले. वर्षभर मी त्यांच्यासमोर पोट धरून बसले होते, तेव्हा या माणसाच्या डोळ्यांत एवढं पाणी कधी आलं नव्हतं. माझ्यावर विश्वास ठेवायला सर्जनचं सांगणंही पुरलं नाही. देवीवर ठेवायला सुटलेले केस पुरले. मला इतका संताप आला की त्या संतापातच मी बोलले.

‘तू,’ मी त्यांच्याकडे बोट केलं. ‘गाडी काढ.’

लग्नाला वीसहून जास्त वर्षं झाली. नवऱ्याला ‘तू’ म्हणायची माझी ती पहिली वेळ. घरात कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

‘कुठं जाचं, माय?’ त्यांनी विचारलं.

‘नागपूरले. या बाईले दवाखान्यात ने. आत्ता.’

दीर म्हणाले, ‘माय, पंगत होऊ दे, मग निघतो. नाई त वर्धेलेच दाखवतो, जवळ हाय.’

‘नागपूर,’ मी म्हणाले. ‘जिथं फाडलं तिथंच. थांबले त बाई जाईन.’

पाच मिनिटांत गाडी दारात होती. जिला वर्षभर ‘थोडं थांबून पाहू’ ऐकावं लागलं, तिच्यासाठी दोघं तिघं धावत होते. मागच्या सीटवर उशी ठेवली, चुलतसासू शेजारी बसली, मला वारा घालत. वाटेत चहाला थांबायची नवऱ्याची जुनी सवय. एका ठिकाणी गाडीचा वेग कमी झालेला कळला तशी मी मागून ‘हूं’ केलं. गाडी पुन्हा पळाली. पोटात सुऱ्या फिरत होत्या आणि तरी त्या क्षणी मला हसू येणार होतं. लोक विचारतात, देवीचं नाव घेऊन खोटं बोलायची लाज नाही वाटली? नाही वाटली. महालक्ष्म्यांचा मला राग नाही. त्या बायका आहेत, त्यांना कळलं असेल.

दवाखान्यात दुखत असतानाच स्कॅन झालं. सर्जननी फोटो पाहिला आणि तासाभरात मला आत घेतलं. आतडं फटीतून शिरून पीळ पडला होता. रंग निळसर झाला होता, पण सोडवल्यावर परत आला. फट शिवून टाकली. सकाळी नाकात नळी असलेली मी पडून होते तेव्हा ते नवऱ्याला म्हणाले, ‘तुम्ही वेळेत आणलंत म्हणून वाचल्या. उद्यावर टाकलं असतं तर अवघड होतं.’

‘आमचं काय, साहेब,’ नवरा म्हणाला. ‘देवीची कृपा.’

नळीमुळे मला बोलता येत नव्हतं. वर्षभर ‘निघू’ म्हणून न निघालेल्या माणसाला शाबासकी, देवीला नवस, आणि जिच्या पोटात हे सगळं झालं तिला कोणी काही विचारलं नाही.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा सासूबाईंना सांगितलं. ‘आई, ते मीच बोलली होती. देवी नाई.’ त्यांनी कानांवर हात ठेवले. ‘असं नाई म्हनू. तिनं वाचवलं अन तू तिलेच नाकारते?’ जाऊबाईंना फोनवर सांगितलं तर त्या हसल्या, ‘ज्याच्या अंगात येते त्याले थोडीच आठोते वं.’ पुढे तर दुकानात बायका यायला लागल्या. ब्लाउजपीस घ्यायच्या आणि हळूच विचारायच्या, पोरीचं लग्न कधी जमेल. मी म्हणायचे, ‘मला काय माहीत, बाई. मी कापड विकते.’ त्या माझ्या या बोलण्याच्याही पाया पडून जायच्या. नवऱ्याला यात काही वावगं दिसत नव्हतं. विक्री वाढली होती.

पोट पूर्ण बरं झालं नाही. जुन्या टाक्यांचे चिकटे राहतात, सर्जन म्हणाले, मधूनमधून दुखेल. बहुतेक वेळा साधंच असेल, पण नेहमीपेक्षा वेगळं वाटलं तर पुन्हा तेच. दुखत असतानाच या.

थंडी पडायला लागली तेव्हा एका दुपारी दुकानातच पुन्हा धरलं. मी काउंटरमागच्या गठ्ठ्यावर बसले. घाम आला. नवरा गिऱ्हाइकाला साड्या दाखवत होता.

‘अहो, दुखून राह्यलं. जोरात हाय. गाडी काढा.’

ते लगेच वळले. साडी हातातून ठेवली, जवळ आले, खाली वाकून माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, झालं, एवढं सगळं घडल्यावर या माणसाला कळलं. मग त्यांनी हात अर्धवट जोडले आणि गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, ‘कोन बोलून राह्यलं? माय का तू?’

मला ‘माय’ म्हणता आलं असतं. शब्द जिभेपर्यंत आला होता.

‘मी,’ मी म्हणाले. ‘तुमची बायको.’

त्यांचे हात खाली आले. ‘मंग थोडं थांबून पाहू,’ असं म्हणून ते काउंटरकडे गेले आणि हिरव्या साडीचा पदर उलगडून दाखवायला लागले.

मी पर्स घेतली आणि हायवेवर जाऊन नागपूरच्या बसची वाट पाहत उभी राहिले.